स्वतःची पोस्टाची तिकिटं काढणारं भोर: पंतसचिवांच्या राजधानीत आज काय उरलंय?

पावसाळा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेली रील फिरायला लागते. हिरवेगार डोंगर, मधोमध नदीचं गळ्यातल्या हारासारखं गोल वळण, वर तरंगणारे ढग आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पुण्यापासून फक्त दीड तास’. हा भोरचा नेकलेस पॉइंट. शनिवार-रविवारी इथं गाड्यांची रांग लागते, फोटो निघतात आणि बहुतेक गाड्या तिथूनच परत फिरतात.

त्या वळणाच्या पुढं जे गाव आहे, ते १९४८ पर्यंत एका संस्थानाची राजधानी होतं. या संस्थानाला ९ तोफांची सलामी होती, त्याची हद्द घाट उतरून कोकणात पालीपर्यंत जात होती आणि काही वर्षं तर त्याची स्वतःची पोस्टाची तिकिटंही होती. आज त्याची ओळख पुणे जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढीच उरली आहे. २०११ च्या जनगणनेत भोर नगरपालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या २० हजारांच्या आतच होती.

एवढं छोटं गाव एवढ्या मोठ्या मुलखाची राजधानी कसं झालं? आणि नंतर मागं का पडलं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथल्या डोंगरांत आणि पाण्यात सापडतात.

आधी एक गैरसमज दूर करू

लोणावळा-खंडाळ्याचा ‘बोरघाट’ आणि हे भोर यांचा काही संबंध नाही. इंग्रजांच्या काळात त्या घाटाचं नाव कागदोपत्री ‘भोर घाट’ असंही लिहिलं जायचं, त्यामुळं गोंधळ होतो. मुंबई-पुणे रेल्वे जाते तो बोरघाट. भोरला रेल्वे नाहीच.

भोर पुण्याच्या दक्षिणेला, साधारण ५० ते ५५ किलोमीटरवर, नीरा नदीच्या काठी आहे. पुणे-सातारा महामार्गानं निघालं की कापूरहोळला फाटा लागतो. तिथून डावीकडं वळणारी गर्दी बहुतेक बालाजी आणि नारायणपूरला जाते, उजवीकडं वळलं की भोर. कापूरहोळ हे नावही लक्षात ठेवण्यासारखं आहे. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे याच गावच्या.

भोरच्या उत्तरेला वेल्हे तालुका आहे, ज्याचं नाव आता राजगड झालंय. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि त्याखाली महाड. दक्षिणेचे डोंगर ओलांडले की वाई, म्हणजे सातारा जिल्हा. घाटमाथ्यावरून निघालेल्या डोंगररांगांमध्ये चिंचोळी खोरी आहेत, प्रत्येक खोऱ्यात एक नदी आणि डोक्यावर एखादा किल्ला. या खोऱ्यांनाच मावळ म्हणतात.

स्वराज्याच्या आधीचं भोर: देशमुखांचा मुलूख

सतराव्या शतकात इथं प्रत्येक खोऱ्याचा कारभार एकेका देशमुख घराण्याच्या हातात होता. हिरडस मावळ बांदलांचं. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे. गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ. नावाला हे सगळे आदिलशाहीचे वतनदार होते, पण विजापूर लांब आणि डोंगर जवळ. त्यामुळं आपल्या खोऱ्यात प्रत्येक जण जवळपास राजाच होता आणि सीमेवरून, वतनावरून शेजाऱ्याशी भांडणं ठरलेली.

शिवाजी महाराजांनी सुरुवात केली ती या माणसांपासून. भोरच्या नैऋत्येला रायरेश्वराचं पठार आहे. तिथल्या शिवमंदिरात १६४५ मध्ये महाराजांनी सवंगड्यांसोबत स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. समकालीन पुराव्यावरून इतिहासकारांमध्ये याबद्दल चर्चा आहे, पण महाराजांचे पहिले साथीदार याच खोऱ्यांतले होते, यावर वाद नाही.

१६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांना विजापूरची फर्मानं आली: खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन जाईल. एकाच रोहिड खोऱ्यातल्या दोन घराण्यांनी दोन वेगळे निर्णय घेतले. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन महाराजांकडं गेले आणि वतनावर पाणी सोडलं. पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघालेल्या महाराजांसाठी घोडखिंड अडवून लढले ते हिरडस मावळचे बांदल आणि त्यांच्यासोबतचे बाजीप्रभू देशपांडे. बाजीप्रभूंचं गाव शिंद, हे भोर तालुक्यातलंच. येसाजी कंक भुतोंड्याचे, तेही इथलेच.

या सगळ्यात भोरची एक देणगी आजही दरवर्षी कॅलेंडरवर दिसते, पण तिचा भोरशी संबंध फार कमी जणांना माहीत असतो. कारीच्या जेधे देशमुखांकडं एक जुनी नोंदवही होती. त्यात सन-तिथीनुसार घटना टिपलेल्या होत्या. तिलाच ‘जेधे शकावली’ म्हणतात. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तोपर्यंत शिवजन्म १६२७ मध्ये झाला, असं धरलं जायचं. शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर पुढची अनेक दशकं वाद चालले, आणि शेवटी २००१ मध्ये राज्य सरकारनं हीच तारीख अधिकृत शिवजयंती म्हणून ठरवली. दर १९ फेब्रुवारीला मिळणाऱ्या सुट्टीमागं भोर तालुक्यातल्या एका घराण्यानं सांभाळून ठेवलेला कागद आहे.

‘पंतसचिव’ म्हणजे नेमकं कोण?

भोरच्या राजांना ‘पंतसचिव’ म्हणत. ही पदवी आली अष्टप्रधान मंडळातून. राजाच्या आज्ञापत्रांचा मजकूर तपासणं, जमाखर्चाच्या कागदांवर नजर ठेवणं, हे सचिवाचं काम. जुन्या भाषेत ‘सुरनीस’. शिवाजी महाराजांच्या काळात हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडं होतं.

भोरच्या घराण्याची सुरुवात झाली शंकराजी नारायण यांच्यापासून. काळ होता स्वराज्याच्या सगळ्यात कठीण परीक्षेचा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यातून निसटून थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला गेले. मागं महाराष्ट्रात लढा चालू ठेवणाऱ्या मोजक्या माणसांमध्ये रामचंद्रपंत अमात्यांसोबत शंकराजी होते. मावळातले किल्ले मोगलांकडून परत घेण्यात त्यांचा मोठा वाटा. त्याचं फळ म्हणून १६९० च्या दशकात त्यांना सचिवपद मिळालं आणि या डोंगरी मुलखाची जबाबदारीही.

मग आलं १७०७. औरंगजेब मेला, मोगलांच्या कैदेत असलेले शाहू महाराज सुटून आले आणि गादीवर हक्क सांगू लागले. इकडं ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावानं राज्य चालवलं होतं. सरदारांना बाजू निवडायची वेळ आली. शंकराजींनी ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती, असं सांगतात. शपथ मोडायची की थोरल्या गादीच्या वारसाविरुद्ध तलवार उचलायची? या पेचात त्यांनी भोरजवळच्या आंबवडे इथं जलसमाधी घेतली, अशी आठवण इथं पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्यांची समाधी आंबवड्यातच आहे.

यानंतरची गोष्ट मराठी मालिकावाल्यांच्या नजरेतून कशी सुटली, याचं आश्चर्य वाटतं. शंकराजींच्या मागं त्यांचा मुलगा नारो शंकर अगदी लहान होता. शाहू महाराजांनी सचिवपद त्याच्याकडं कायम ठेवलं आणि कारभार त्याची आई येसूबाईंच्या हातात आला. (या येसूबाई वेगळ्या, संभाजी महाराजांच्या राणी नव्हेत.) पुढं दमाजी थोरात नावाच्या बंडखोर सरदारानं या मायलेकांना कैद केलं. त्यांच्या सुटकेसाठी धडपड केली ती बाळाजी विश्वनाथांनी, म्हणजे पुढं पेशवाई ज्यांच्या घराण्यात राहिली त्या पहिल्या पेशव्यांनी. त्या उपकाराची फेड म्हणून सचिवांच्या ताब्यातला पुरंदर किल्ला पेशव्यांकडं गेला. पेशव्यांना पुण्याजवळ मोक्याचा किल्ला मिळाला तो असा. १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला तो याच पुरंदरावर.

सिंहगडाचंही तसंच. तो अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सचिवांकडं होता. १७५० च्या सुमारास पेशव्यांनी तो घेतला आणि बदल्यात पवन मावळातले तुंग आणि तिकोना दिले. दोन्ही व्यवहार एकत्र ठेवून पाहिले की दिसतं, पुण्याचं वजन वाढत गेलं तसे पुण्याजवळचे किल्ले भोरकरांच्या हातून निसटत गेले. मावळातली पकड मात्र त्यांनी सोडली नाही.

तोफांची सलामी आणि अर्ध्या आण्याचं तिकीट

१८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२० मध्ये सचिवांनी इंग्रजांशी करार केला आणि त्यांचा मुलूख साताऱ्याच्या छत्रपतींची जहागीर म्हणून टिकला. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारा खालसा केलं, तेव्हा भोर थेट इंग्रज सत्तेच्या देखरेखीखाली आलं. शेजारच्या औंधचं मूळही असंच, तिथं प्रतिनिधी घराणं होतं. म्हणजे मराठा राज्याच्या मंत्र्यांची घराणी इंग्रजी राजवटीत ‘राजे’ झाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोर संस्थानाचं क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस मैल होतं आणि १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ३७ हजारांच्या आसपास. तालुके पाच, आणि त्यातल्या चारांची नावं किल्ल्यांवरून: विचित्रगड (रोहिडा), राजगड, प्रचंडगड (तोरणा), सुधागड. पाचवा पवन मावळ. यातला सुधागड म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातला, अष्टविनायकातल्या पालीजवळचा. सचिवांची कुलदेवता भोराई देवी याच सुधागडावर आहे आणि गडावर सचिवांचा वाडाही आहे. पालीच्या बल्लाळेश्वराला जाणाऱ्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं की हा भाग एकेकाळी भोरच्या राज्यात होता.

तिकिटांची गोष्ट छोटी आहे, पण गोड. १८७९ मध्ये भोर संस्थानानं अर्धा आणा आणि एक आणा किमतीची स्वतःची तिकिटं काढली. छापखान्यात मोठ्या संख्येनं छापलेली नव्हेत, हातानं शिक्का मारून केलेली. १९०१ मध्ये अर्ध्या आण्याचं आणखी एक तिकीट आलं, त्यावर तेव्हाचे राजे शंकरराव पंतसचिव यांचं चित्र होतं. लवकरच संस्थानाची ही स्वतंत्र तिकिटं बंद झाली. जगभरातल्या तिकीट संग्राहकांच्या कॅटलॉगमध्ये मात्र ‘भोर’ हे नाव आजही सापडतं. भोरमधल्याच किती शाळकरी मुलांनी हे तिकीट पाहिलं असेल, हा वेगळा प्रश्न.

शेवटचे राजे रघुनाथराव पंतसचिव. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. भोर आणि वेल्ह्याचा भाग पुणे जिल्ह्यात आला. सुधागड तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात गेलं. पवन मावळची गावं पुणे जिल्ह्यातच राहिली, पण त्यांचा भोरशी रोजचा संबंध संपला.

राजधानी गेली की गावाचं काय होतं, हे इथं बघायला मिळतं. ज्या गावात पाच तालुक्यांची माणसं कचेरीच्या, कोर्टाच्या कामाला यायची, तिथं एका तालुक्याची यायला लागली. मोठं सरकारी काम असेल तर भोरकरालाच पुण्याची गाडी पकडावी लागते. रेल्वे नाही, महामार्ग १४-१५ किलोमीटर लांब, मोठे कारखाने नाहीत. औद्योगिक वसाहतीची मागणी जुनी आहे आणि निवडणुका आल्या की ती हमखास वर येते. तोवर नोकरीसाठी भोरची मुलं शिरवळच्या कारखान्यांत जातात. ते शिरवळ मात्र सातारा जिल्ह्यात.

३५ टीएमसी पाणी, तरी उन्हाळ्यात टँकर

भोरबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणत्याही रीलमध्ये येत नाही.

भोरपासून अगदी जवळ, वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरा खोऱ्यात कालव्यांचं मोठं काम हाती घेतलं आणि त्याला पाणी पुरवायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं पहिलं धरण बांधलं. त्याच्या तलावाचं नाव होतं लेक व्हाइटिंग. पुढं ते कमी पडायला लागलं म्हणून नवं, मोठं धरण बांधलं गेलं. १९२७ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाला मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावानं ‘लॉइड डॅम’ म्हणायचे. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. पावसाळ्यात धरण भरलं की त्याचे ४५ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि त्याचे व्हिडिओ दरवर्षी व्हायरल होतात.

भाटघरची क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी. भोर तालुक्यातच नीरा नदीवर नंतर बांधलेलं नीरा देवघर धरण आहे, त्याची क्षमता पावणेबारा टीएमसीच्या जवळ. दोन्ही मिळून ३५ टीएमसी. तुलना करायची तर पुणे शहराला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं एकत्र केली तरी आकडा साधारण २९ टीएमसीपर्यंतच जातो. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. आणि त्या चौघांपैकी पानशेतही वेल्हे तालुक्यातलंच. पुणेकरांनी नळ सोडला की त्यात वेल्ह्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस असतो.

हे पाणी जातं कुठं? भाटघर आणि नीरा देवघरचं पाणी नीरेतून खाली वीर धरणाकडं जातं. तिथून डाव्या कालव्यानं बारामती, इंदापूर आणि उजव्या कालव्यानं फलटण, माळशिरसकडं. त्या भागातला ऊस आणि साखर कारखाने याच्यावर उभे राहिले.

आणि भोर-वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. पाणी खोऱ्याच्या तळाला साठतं, गावं आणि वाड्या डोंगराच्या उतारावर, सोंडांवर आहेत. उताराची जमीन, खाली काळा पाषाण. जुलैमध्ये धो धो कोसळलेला पाऊस काही तासांत वाहून जातो, मुरत नाही. धरणातलं पाणी वर उचलायचं तर वीज, पंप, पाइपलाइन हवी. विरळ वस्तीच्या वाड्यांसाठी हा खर्च कुणी पटकन करत नाही. शिवाय धरणात सुपीक तळजमीन गेली ती याच गावांची. येसाजी कंकांच्या भुतोंड्यासारखी गावं आज भाटघरच्या पाण्याच्या कडेला आहेत.

लोकसंख्येचे आकडे बघितले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २०११ मध्ये भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती आणि वेल्ह्याची फक्त ५४ हजारांच्या आसपास. पुण्याच्या एखाद्या उपनगरात याहून जास्त माणसं राहतात. जे राहिलेत, त्यांचं मुख्य पीक भात. आंबेमोहोर आणि इंद्रायणी. भोरला गेलात तर परतताना थेट शेतकऱ्याकडून तांदूळ घ्या. बाजारात ‘आंबेमोहोर’ म्हणून जे मिळतं, त्यापेक्षा वास नक्कीच वेगळा असेल.

नेकलेस पॉइंटच्या पुढं काय काय आहे?

गावात पहिल्यांदा राजवाडा. एकोणिसाव्या शतकातला, लाकडी खांब आणि चौकांचा. ही संस्थानिक घराण्याची खासगी मालमत्ता आहे, त्यामुळं आत जाता येईल का, हे चौकशी करूनच ठरवा. अनेक मराठी-हिंदी चित्रपट आणि मालिकांचं चित्रीकरण इथं झालंय, त्यामुळं पहिल्यांदा गेलात तरी कुठंतरी पाहिल्यासारखं वाटेल. वाडा बघायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे चैत्रातला रामनवमीचा उत्सव. संस्थान गेलं, पण हा उत्सव चालू आहे. नीरेकाठचं भोरेश्वर मंदिरही बघण्यासारखं.

आंबवडे भोरपासून दहाएक किलोमीटरवर. ओढ्यावरचा संस्थानकाळातला झुलता पूल, गर्द झाडीतलं नागेश्वराचं मंदिर, शंकराजींची समाधी, आणि गावातच कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्याही समाध्या. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण ज्यांच्यावरून पडली, तेच हे जिवा महाला, प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारे. एवढा इतिहास एका छोट्या गावात आहे, आणि गर्दी जवळपास नाही.

रोहिडा किल्ल्याचं पायथ्याचं गाव बाजारवाडी, भोरपासून सात-आठ किलोमीटर. पहिल्यांदाच ट्रेक करणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. एकामागोमाग तीन दरवाजे लागतात आणि तिसऱ्यावर मराठी आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांमध्ये रोहिडाही होता. १६७० मध्ये तो परत घेतला गेला.

रायरेश्वर थोडं लांब, कोर्ले गावाच्या बाजूनं. शेवटी लोखंडी शिडी चढून वर गेलं की समोर सपाट पठार पसरलेलं दिसतं. वर जंगम कुटुंबांची वस्ती आहे, त्यांच्याकडं जेवणाची सोय होते. सात रंगांची माती दाखवतात तीही इथंच. ही माती बाटल्यांत भरून घरी नेण्याची टूम निघाली आहे, ती तेवढी टाळा.

महामार्गाजवळ नसरापूरचं बनेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. इथल्या घंटेकडं नीट बघा, तिच्यावर क्रॉस आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या अनेक घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत लावल्या. ही त्यातलीच मानली जाते.

भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात धोकादायक. दरडी कोसळतात, रस्ता खचतो, म्हणून दरवर्षी पावसाळ्यात वाहतुकीवर निर्बंध येतात. गूगल मॅपवर रस्ता हिरवा दिसतोय म्हणून निघू नका, प्रशासनाचा आदेश बघा.

वेल्हे, म्हणजे आता राजगड तालुका

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली. संस्थानकाळात इथं राजगड नावाचा तालुका होताच, त्यामुळं एका अर्थानं जुनंच नाव परत आलं.

या तालुक्यात महाराष्ट्राच्या इतिहासातले दोन महत्त्वाचे किल्ले समोरासमोर उभे आहेत. वेल्हे गावाच्या डोक्यावर तोरणा, उंची १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. समोर राजगड, सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी. रायगडाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण अफजलखानाच्या स्वारीपासून आग्र्याहून सुटकेपर्यंतचा सगळा काळ राजधानी राजगडच होती. सईबाईंचं निधन इथलं, राजाराम महाराजांचा जन्म इथला. तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, ही रचना नकाशावर बघितली की तीन पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात राजगड आहे. तोरणा, रोहिडा, रायरेश्वर नाहीत. त्यामुळं आता सगळी गर्दी आणि सगळा निधी एकाच गडाकडं वळण्याची भीती आहे. राजगडाच्या चोरदरवाज्याची वाट तर आत्ताच सुट्टीच्या दिवशी तुंबते. अरुंद पायऱ्या, एका बाजूला रेलिंग, वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर. दुसरीकडं पायथ्याच्या गुंजवणे गावातल्या घरगुती खानावळी आणि वाटाडे याच गर्दीवर चालतात. गर्दी नको म्हणणं पुण्यात बसून सोपं आहे.

सुरक्षेचा प्रश्नही खराच. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाजवळ पर्यटक वाहून गेल्यावर जिल्हा प्रशासनानं भोर, वेल्ह्यासह अनेक तालुक्यांतल्या धबधबे आणि धरणांच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढले. केळद गावाजवळचा मढे घाट आणि तिथला लक्ष्मी धबधबा त्यात नेहमी चर्चेत असतो. याच घाटवाटेनं तानाजी मालुसरेंचा देह सिंहगडाहून त्यांच्या उमरठ गावी नेला, असं मानलं जातं. तिथं कड्याच्या टोकाशी उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही गोष्ट माहीत नसते.

कधी जायचं, कसं जायचं?

स्वारगेटहून भोरला आणि वेल्ह्याला एसटी आहे. स्वतःची गाडी असेल तर शनिवार-रविवार सोडून गेलात तर अर्धा त्रास वाचतो. किल्ल्यांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. सप्टेंबरअखेरीस पठारांवर रानफुलं असतात आणि खाली भात पोटरीला आलेला असतो.

एक ठिकाण मात्र असं आहे, जे फक्त उन्हाळ्यातच दिसतं. भाटघरच्या पाण्यात वेळवंड खोऱ्यातलं कांबरेश्वराचं जुनं शिवमंदिर बुडालेलं आहे. एप्रिल-मे मध्ये कालव्यांना पाणी सोडून धरण रिकामं होत आलं की ते हळूहळू पाण्याबाहेर येतं. आसपासच्या गावांतले लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. जूनचा पाऊस लागला की पाणी पुन्हा चढायला लागतं आणि मंदिर परत दिसेनासं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.